टिप किती द्यायची? आधी विचारा, ती जाते कुठं!

डिंगोऱ्यातून समुद्र दिसत नाही. माळशेज घाट उतरायचा, मुरबाड-कल्याण करत मुंबई गाठायची, म्हणजे गोदीपर्यंत तीन-चार तास सहज जातात. तरी यंदाच्या सुट्टीत वर्गातल्या एखाद्या मित्राच्या स्टेटसला जहाजाच्या डेकवरचा फोटो दिसला, तर फार नवल वाटायला नको. २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘कॉर्डेलिया’ची क्रूझ मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाते आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या इंदिरा डॉकवरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. टोमॅटो-द्राक्षांचं एखादं साल चांगलं गेलं की आपल्याकडची घरंही सिंगापूरची टूर बुक करतात आणि तिला तीन-चार रात्रींची क्रूझ जोडून घेतात.

दुसरीकडं, तुमच्याच बॅचमधला कुणीतरी हॉटेल मॅनेजमेंटला गेलाय आणि ‘शिपवर लागायचंय’ म्हणतोय. सरकारलाही तेच हवंय. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘क्रूझ भारत मिशन’चं उद्दिष्ट २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दहा लाखांवर नेण्याचं आहे, आणि त्यातून चार लाख रोजगार मिळतील असं सांगितलं गेलंय. म्हणजे एकाच जहाजावर आपल्यातला एक टेबलाशी बसलेला असेल आणि एक ट्रे घेऊन उभा. टिप किती द्यायची, हा प्रश्न या दोघांमधला आहे. त्यामुळं ‘हा पैसेवाल्यांच्या मॅनर्सचा विषय’ असं समजून पान उलटू नका.

चार रात्री, चार माणसं, २७२ डॉलर

आधी जहाजाचंच बघू. मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रूझवर हातात नोट ठेवायची पद्धत आता मागं पडलीय. कंपनी माणशी, दिवसाला एक ठरावीक रक्कम तुमच्या खात्यावर आपोआप लावते. तिला नाव असतं ‘ग्रॅच्युइटी’ किंवा ‘सर्व्हिस चार्ज’. (आपल्याकडं नोकरी सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी वेगळी. त्या शब्दावरून बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.) साध्या केबिनसाठी हा आकडा बऱ्याच कंपन्यांत दिवसाला १६ ते २० डॉलरच्या दरम्यान आहे. चौघांचं कुटुंब, चार रात्री, माणशी १७ डॉलर धरले तर २७२ डॉलर झाले. डॉलर नव्वद रुपयांच्या आसपास धरा, चोवीस हजारांच्या वर गेले. बारमध्ये किंवा कॅफेत वेगळं काही घेतलंत, तर त्या बिलावर आणखी १८ ते २० टक्के आपोआप लागतात.

शेवटच्या दिवशी हे सगळं खात्यावर दिसतं आणि घरात जे व्हायचं तेच होतं. बाबा म्हणतात, ‘तिकिटाचे पैसे दिलेत ना आपण? मग हे कशाचे?’ आणि कुठल्यातरी चुलतभावाला माहीत असतं, की बऱ्याच जहाजांवर रिसेप्शनला जाऊन ही रक्कम कमी करून घेता येते, अगदी काढूनही टाकता येते. ‘असे वाचवा क्रूझवर पैसे’ छापाचे सल्ले सर्रास फिरत असतात. कायद्यानं त्यात चूक काही नाही.

पण ते चोवीस हजार कुणाचे असतात ते बघा. जहाजावर खोली आवरणारा, जेवण वाढणारा, पाणी भरणारा, आणि जो तुम्हाला कधी दिसतच नाही तो भांडी घासणारा, चादरी धुणारा, अशा सगळ्यांत हा पैसा वाटला जातो. ही माणसं फिलिपिन्सची, इंडोनेशियाची, भारतातली. करार सहा ते नऊ महिन्यांचा. आठवड्याची सुट्टी बहुतेक नसतेच. सागरी कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार (२००६ चा, भारतानं २०१५ मध्ये मान्य केलेला) जास्तीत जास्त तासांची एक मर्यादा सांगतो, ती वाचून बघा: चोवीस तासांत १४ तास, आठवड्यात ७२. कामगाराला जपण्यासाठी घातलेली ही मर्यादा आहे बरं का!

पगाराचं काय? जहाज नोंदवलेलं असतं बहामात, पनामात, माल्टात. कंपनीचं ऑफिस आणि गिऱ्हाईक अमेरिकेत असलं, तरी अमेरिकेतला किमान वेतनाचा कायदा या जहाजावरच्या परदेशी वेटरच्या मागं उभा राहत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या चौकटीत खलाशासाठी किमान मूळ वेतन ठरलंय, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६९० डॉलर. पण तो आकडा कुशल खलाशाचा. जेवण वाढणाऱ्याला आणि खोली आवरणाऱ्याला तोच मिळेल असं नाही. त्यांच्या बाबतीत कंपनी मूळ पगार कमी ठेवते आणि उरलेला भार ‘ग्रॅच्युइटी’वर टाकते. याचा फायदा कुणाला? तिकीट स्वस्त दिसतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात भाडं येतं आणि नोकरांच्या पगाराचा एक तुकडा बारीक अक्षरात, तुमच्या नावावर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जहाजावरची आपोआप लागणारी रक्कम ही टिप नाहीच, तो पगार आहे. तो काढून टाकू नका. जेवण थंड आलं, खोली वेळेवर झाली नाही, तर मॅनेजरकडं तक्रार करा, नीट भांडा. पण एका वेटरवरचा राग काढायला पन्नास जणांच्या वाट्यातून कापून घेणं, यात वेटरला धडा बिडा काही मिळत नाही. शिवाय काही कंपन्यांत असा नियम आहे, की प्रवाशानं ग्रॅच्युइटी काढली असेल तर त्यानं हातात दिलेली रोखही कर्मचाऱ्याला सामायिक गल्ल्यात जमा करावी लागते. म्हणजे ‘मी त्यालाच देतो थेट’ हा युक्तिवादही तिथं टिकत नाही.

त्यावर आणखी द्यायचं का? आजीला रोज हाताला धरून टेबलापर्यंत नेणारा कुणी असेल, शाकाहारी जेवणासाठी किचनमध्ये चार खेपा घालणारा कुणी असेल, तर शेवटच्या रात्री दहा-वीस डॉलर पाकिटात घालून त्याच्या हातात द्या. नाही दिले तरी चालतं. ही झाली खरी टिप.

मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाचं तिकीट काढताना रकमेची फोड नीट बघा. ग्रॅच्युइटी त्यात धरली असेल तर प्रश्न मिटला. नसेल, तर खोलीमागं रात्रीचे दोन-तीनशे रुपये बाजूला ठेवायला हरकत नाही. आणि ग्रुप टूरनं जात असाल, तर ‘टिप्स’ नावाची एक वेगळी रक्कम बहुतेक टूरवाले सुरुवातीलाच घेतात. त्यात जहाजावरची धरलीय का, एवढा एक प्रश्न बुकिंग करतानाच विचारा. नाहीतर दोनदा द्याल, किंवा दिली असं समजून एकदाही देणार नाही.

बशी गेली, क्यूआर आला

आता जहाजावरून उतरून आपल्या रस्त्यावर येऊ. कारण आपल्यातल्या बहुतेकांचा टिपेशी संबंध येतो तो इथंच.

ओतूरवरून डिंगोरे, मढ करत खुबी फाट्याकडं जाणारा कल्याण-अहिल्यानगर महामार्ग जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. माळशेजचे धबधबे बघायला मुंबई, ठाणे, पुणे सगळं लोटतं. राज्य सरकारनं २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुका जाहीर केलं. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर होतंच, त्यात पिंपळगाव जोग्याच्या पाणलोटावरचं टेंटिंग आलं. रस्त्याच्या कडेला मिसळ, थाळी, चहा, मक्याची कणसं. या दोन महिन्यांत हॉटेलवाल्यांना माणसं कमी पडतात आणि मग कॉलेजातली पोरं रोजावर उभी राहतात. काही जण एरवी टेबलाशी बसणारे, या दोन महिन्यांत टेबल पुसणारे.

या हॉटेलांत टिप देण्याची एक साधी यंत्रणा होती. तिचं नाव बडीशेपेची बशी. बिल झालं २८०, तुम्ही दिले ३००, बशीत वीस परत आले. दहा उचलले, दहा ठेवले. कुणी टक्केवारी काढली नाही, कुणी हिशेब लिहिला नाही. सुट्टे खिशात कुठं वागवायचे, हा आळसच वेटरच्या कमाईचा आधार होता.

आता गल्ल्यावर क्यूआर कोड आहे. २८० म्हणजे २८० स्कॅन. डबीतून आवाज येतो, मालकाला कळतं, आपण गाडीत बसतो. बशी अजून येते, पण तिच्यात फक्त बडीशेप असते. कुणी कंजूस झालेलं नाही, कुणी ठरवून काही बंद केलं नाही. सुट्टे परत यायचे थांबले आणि त्यांच्याबरोबर टिप गेली.

बरं, तुम्ही ३०० स्कॅन केले आणि ‘वरचे वीस त्याला द्या’ म्हणालात, तरी ते वीस रुपये मालकाच्याच खात्यात जाणार. संध्याकाळी ते वेगळे काढले जातात की नाही, हे मालकाच्या स्वभावावर आहे. काही जण काढतातही. पण तुम्हाला ते कळायचा मार्ग नाही. ‘तुझाच नंबर दे, तुला जीपे करतो’ असं मालकासमोर वेटरला म्हणणंही बरं नाही, बोलणी तोच खातो.

उपाय फार साधा आहे. माळशेजला निघताना एटीएममधून दोनशे काढा, कुठंतरी दहा-वीसच्या नोटा करून घ्या. हातात दिलेली नोट ज्याच्या हातात दिली त्याची होते, एवढी खात्री दुसऱ्या कुठल्या पद्धतीत नाही.

किती? आठ जणांचा ग्रुप, बिल दोन हजार, असं धरू. पाच टक्के म्हणजे शंभर रुपये. डोक्याला साडेबारा. पॉकेटमनीवर चालणाऱ्यांना हे जमण्यासारखं आहे. पाऊस पडतोय म्हणून दोन चहावर दीड तास टेबल अडवलं, चिखलाचे बूट घेऊन आत आलात, रील काढायला त्याला चार वेळा मोबाइल धरायला लावला, तर थोडं वाढवा. आणि खरंच खिशात पैसे नाहीत? मग नका देऊ. विद्यार्थ्यानं टिप दिली नाही म्हणून कुणी त्याला वाईट म्हणत नाही. ‘ए छोटू’ ऐवजी ‘दादा’ म्हणा, टेबल जरा नीट सोडा, निघा.

एक गोष्ट मात्र खटकते. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांना डोलीवाले वर नेतात. तिथं घरातले कर्ते पुरुष शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतात, ती ऐकवत नाही. तेच लोक पुण्यात एसी हॉटेलात गेले की बिलाच्या पाकिटात गुपचूप दोनशेची नोट सरकवतात. एकीकडं खांद्यावर माणूस उचलणाऱ्याची मजुरी जास्त वाटते, दुसरीकडं खुर्ची मागं ओढणाऱ्याला न मागता मिळतं. टिप देण्याआधी मजुरी पुरी द्यावी, हा क्रम आपण का विसरतो?

जकात की खुशाली?

पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत प्रश्न उलटा आहे. तिथं टिप तुम्ही द्यायच्या आत बिलातच येते, ‘सर्व्हिस चार्ज’ नावानं, पाच-दहा टक्के. त्याबद्दल कायदा काय म्हणतो हे माहीत असायला हवं, स्पर्धा परीक्षावाल्यांनी तर नक्कीच.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं (सीसीपीए) ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नये, दुसऱ्या नावानं वसूल करू नये, दिला नाही म्हणून प्रवेश नाकारू नये. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तिथं सूचनांना स्थगिती मिळाली. मग २८ मार्च २०२५ रोजी निकाल आला. न्या. प्रतिभा सिंह यांनी सूचना योग्य ठरवल्या, सक्तीची वसुली ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं म्हटलं आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा दंडात्मक खर्च लावला. स्वखुशीनं टिप द्यायला कुणाची ना नाही. संघटनांनी त्यावर खंडपीठाकडं अपील केलं. पण बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर ‘हा काढा’ असं तुम्ही म्हणू शकता. नाही ऐकलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

आपल्या तालुक्याच्या भाषेत सांगायचं तर हा जकात आणि खुशाली यांच्यातला फरक. नाणेघाटात तो मोठा दगडी रांजण बघितलाय ना? घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यानं जकातीची नाणी त्यात टाकायची, असं सांगतात. ती टाकल्याशिवाय पुढं जाता येत नसणार. खुशाली म्हणजे खूश होऊन दिलेलं. दिवाळीला पोस्टमनला, वॉचमनला द्यायची ती पोस्त. मराठीत या दोन गोष्टींना वेगळे शब्द आहेत, हॉटेलच्या बिलात मात्र दोन्ही एकाच ओळीत येतात.

तरीही हॉटेलवाल्यांचा एक मुद्दा मला सहज झटकता येत नाही. ते म्हणतात, टेबलावर ठेवलेली टिप वाढणाऱ्यालाच मिळते. आत तव्याशी उभा असलेला, मोरीत भांडी घासणारा, त्यांना काही नाही. सर्व्हिस चार्ज गोळा केला की सगळ्यांत वाटता येतो. बरोबर आहे. जहाजावरच्या ग्रॅच्युइटीच्या बाजूनं मी वर हेच म्हटलंय. मग हॉटेलात का नको? कारण वाटता ‘येतो’ आणि वाटला ‘जातो’ यांत फरक आहे. तो पैसा मालकानं कामगारांना दिलाच पाहिजे, असा टिपेपुरता स्वतंत्र कायदा आपल्याकडं नाही. ब्रिटननं केलाय. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथं टिप आणि सर्व्हिस चार्जची सगळी रक्कम कामगारांना देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि वाटप कसं केलं याची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडच्या वादात ग्राहक काय देतो यावर निकाल आला, वेटरला काय मिळतं हा प्रश्न कोर्टापुढं मुख्य नव्हताच.

आणि ‘आपोआप’पेक्षाही एक पाऊल पुढं गेलं ते ॲपवाल्यांचं. मे २०२५ मध्ये उबरच्या ‘ॲडव्हान्स टिप’वरून गदारोळ झाला. गाडी येण्याआधीच टिप कबूल करा म्हणजे गाडी लवकर मिळेल! केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी हे अनैतिक असल्याचं म्हटलं, सीसीपीएनं नोटीस काढली. सेवेच्या आधी दिलेल्या पैशाला टिप म्हणत नाहीत, बोली म्हणतात. नारायणगावच्या मार्केटला जाणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

खळ्यावरचं धान्य

मालकानं पगार कमी ठेवायचा आणि उरलेलं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडायचं, ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, तेव्हा पुलमन कंपनीनं आपल्या आलिशान रेल्वेडब्यांत मुक्त झालेल्या काळ्या माणसांना पोर्टर म्हणून घेतलं. पगार तुटपुंजा, बाकी टिप. प्रवासी सगळ्यांना एकाच नावानं हाक मारायचे, ‘जॉर्ज’, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. (आपल्या ‘छोटू’चा हा सख्खा भाऊ.) टिपेसाठी हसत राहायचं, अपमान गिळायचा. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी संघटना बांधली आणि बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीशी करार केला. पगार वाढला, महिन्याचे कामाचे तास ४०० वरून २४० वर आले. टिप वाढवा अशी त्यांची मागणी नव्हती. त्यांना ठरलेला पगार हवा होता.

हा लढा एकट्या पुलमनपुरता राहिला, पद्धत राहिलीच. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन आजही तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेच. काही राज्यांनी ते वाढवलंय. टिप धरूनही सर्वसाधारण किमान वेतन भरलं नाही, तर फरक मालकानं द्यायचा असा नियम आहे. म्हणून तिथं गेलेल्या मराठी मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतात, १८-२० टक्के ठेव. तिथल्या वेटरच्या घरभाड्यात तुमची टिप धरलेली असते. जपानमध्ये मात्र टिप देण्याची पद्धतच नाही, आणि सेवेत काही कमी असतं असं तिथून आलेलं कुणी म्हणत नाही.

आपल्याला मात्र हे समजून घ्यायला अमेरिकेत जायची गरज नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना बलुत्याबद्दल विचारा. वर्षभर काम करायचं आणि सुगीला खळ्यावर येऊन उभं राहायचं. वाटा रूढीनं ठरलेला, पण सुपात किती पडेल हे शेवटी देणाऱ्याच्या हातावर. त्यातही सुतार-लोहाराची पत वेगळी आणि महार-मांगांची वेगळी. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं. चोवीस तास सरकारची आणि गावाची चाकरी, आणि मोबदला म्हणून थोडी जमीन आणि घरोघरचं बलुतं, हे त्यांना मोडायचं होतं. धान्य कमी मिळतं एवढीच तक्रार असती, तर दोन पायली वाढवून प्रश्न मिटला असता.

वेटर आणि बलुतेदार एकच, असं मी म्हणत नाही. वेटर नोकरी सोडू शकतो, बलुतेदाराला जात सोडता येत नव्हती. पण देणाऱ्याच्या मनावर पोट अवलंबून असलं की माणसाचं वागणं, बोलणं, हसणं कसं बदलतं, ते दोन्हीकडं दिसतं.

ट्रे तुमच्या हातात असेल तर

आता दुसऱ्या बाजूला उभे राहा. जहाजावर जायचं मनात असेल, तर एजंट डीजी शिपिंगकडं नोंदवलेला आहे का, त्याच्याकडं आरपीएसएल परवाना आहे का, हे आधी त्यांच्या वेबसाइटवर तपासा. नोकरी लावून द्यायचे पैसे उमेदवाराकडून घ्यायला अशा एजंटला बंदी आहे. ‘दोन लाख भरा, पुढच्या महिन्यात शिपवर’ म्हणणारा भेटला तर तिथंच थांबा. करार हातात आला की ‘महिन्याला इतके डॉलर’ या आकड्याला भुलू नका. त्यातला हमीचा पगार किती आणि ग्रॅच्युइटीच्या अंदाजावर धरलेला किती, हे वेगळं लिहून मागा. जहाज अर्धं रिकामं गेलं तर काय मिळणार, असंही विचारा. लाजायचं काही कारण नाही, तिथं हा प्रश्न रोजचा आहे.

आणि या पावसाळ्यात रस्त्यावरच्या हॉटेलात शनिवार-रविवार उभे राहणार असाल, तर किमान वेतनाचा कायदा तिथंही लागू आहे. हॉटेल व्यवसाय पूर्वीपासून किमान वेतनाच्या यादीत होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनं तर किमान वेतन सगळ्याच कामगारांसाठी केलंय. मालक ओळखीचा असतो, भावकीतला असतो, त्यामुळं पैशाचं बोलायला जड जातं हे खरं. तरी चार गोष्टी आधीच बोलून घ्या. रोज किती, किती तासांचा, दुपारचं जेवण त्यातच की वेगळं, आणि क्यूआरवर गिऱ्हाइकानं वेटरसाठी वर टाकलेले पैसे कसे वाटायचे. शेवटच्या मुद्द्यावर काही हॉटेलांत गल्ल्याशेजारी एक डबा ठेवतात. वाढणारे, आचारी, भांडीवाल्या मावशी, सगळ्यांचा एक डबा, आणि रात्री सगळ्यांसमोर मोजणी. तुमच्याकडं नसेल तर मालकाला सुचवून बघा, त्याच्या खिशातलं काहीच जात नाही. फक्त हे पहिल्या शनिवारी सकाळी बोला, गाड्यांची रांग लागायच्या आत.